सर्पगरुड, मोरघार आणि सटवाईचा कोंबडा

औंढ्याकडून येणारी टेकड्यांची रांग आमच्या शेताच्या वरच्या बांधापाशी येऊन दमते आणि खाली बसते. तिथून मागं सगळं सागाचं रान. शेतात आमचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे आमच्या भागात रानातलं घर, तिथं पैलवान नसतात. हे मला पुण्याकडच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावातल्या घराला कुलूप लावलं आणि आखाड्यावर राहायला आले. मुलानं एक दुर्बीण घेऊन दिली होती. ती गळ्यात घालून मी बांधाबांधानं हिंडायला लागले, तशी आजूबाजूच्या शेतांतली माणसं म्हणू लागली, बाईला आता काम उरलं न्हाई.

माझ्या अंगात एक खोड आहे. कुणी चुकीचं नाव घेतलं की मला राहवत नाही. वर्गात पोरगं चुकलं की त्याचं वाक्य संपायच्या आत मी दुरुस्त करायची, तेच आता पाखरांच्या बाबतीत होतं. आमच्याकडं वाकडी चोच दिसली की घार, जोरात गेली तर ससाणा, आणि फारच मोठी असली तर गरुड. एवढ्या तीन खुंट्यांना सगळं रान टांगून माणसं मोकळी होतात. मी मात्र हातातला चहा खाली ठेवून भांडायला उभी. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, त्या यावर म्हणायच्या, "मास्तरीणबाई, त्या घारीला तरी ठावं हाय का तिचं नाव?"

आमच्या मागच्या रानात मोठी शिकारी पाखरं दोन. एक सर्पगरुड, दुसरी मोरघार. दोघांच्या डोक्यावर शेंडी, दोघांचं अंग तपकिरी. लांबून बघणाऱ्याला ती सारखीच वाटतात, जशा आम्ही दोघी जावा लांबून सारख्या वाटत असू. जवळून बघितलं तर कुंकवापलीकडं काहीच सारखं नाही.

सर्पगरुड हा उघड्यावर बसणारा गडी. आमच्या विहिरीजवळून नाला जातो, त्याच्या काठी अर्जुनाचं मोठं झाड आहे. त्याच्या वाळक्या फांदीवर तो सकाळपासून बसलेला असायचा. मान आत ओढलेली, पोटावर पांढरे ठिपके, डोळे आणि चोचीच्या बुडाची कातडी हळदीसारखी पिवळी. पाय उघडे, खरबरीत खवल्यांचे. सापाशी रोजचं काम असलेल्याला असेच पाय लागतात. ऊन तापलं की तो उठायचा, रानावर गोल गोल चढत जायचा आणि वरून शीळ घालायचा. आधी लांब सूर, मग त्याचे दोन-तीन तुकडे. पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा खालून स्पष्ट दिसायचा. त्याच्यात लपवाछपवी म्हणून नव्हती.

मोरघार त्याच्या उलट. अंगानं सडसडीत, शेपूट लांब, डोक्यावरची शेंडी उभी आणि टोकदार. छातीवर उभ्या रेघा. आणि पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, सुरवार घातल्यासारखे. ती उघड्यावर कधी बसायची नाही. पानाच्या आडोशाला, खोडाला लागून बसायची आणि तिथून ससा, खार, लावरी, कुणाची कोंबडी, जे सापडेल त्यावर सरळ पडायची. तिचं ओरडणंही उलटं: आधी बारके तुकडे, शेवटी लांब सूर. मी महिनोन् महिने रानाकडं कान देऊन बसले तेव्हा कुठं मला हे उलटं-सुलटं उमगलं. उमगल्यावर मला जो आनंद झाला तो सांगायला घरात कुणी नव्हतं, कारण घरातली सगळी पुरुषमाणसं हळदीच्या भावाशिवाय कशावर बोलत नव्हती.

मग संक्रांतीनंतर माझी पुतणी आली, अक्कांची एकुलती लेक. तिचं सासर कनेरगाव नाक्याला, नवऱ्याचा रस्त्यावर धाबा. रात्रंदिवस ट्रका, हॉर्न, तव्यावरच्या पळीचा आवाज. तिला सातवा महिना होता. याआधी दोनदा तिचं पोट असंच भरात येऊन रिकामं झालं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की या वेळी निजून राहायचं, ओझं उचलायचं नाही, धसका घ्यायचा नाही. अक्कांच्या गावातल्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या बाया फार, प्रत्येकीच्या तोंडी कुणाच्या ना कुणाच्या पडलेल्या लेकराची गोष्ट. म्हणून अक्कांनी तिला आखाड्यावर आणलं आणि स्वतःही तिथंच राहिल्या. लिंबाखाली बाज टाकली, वर गोधडी घातली, आणि सांगितलं, "आता लेकरू हातात येईपर्यंत इथून हलायचं न्हाई."

ते दिवस हळदीचे होते. आमच्याकडं आणि खाली कुरुंद्यापर्यंत सगळीकडं हळद निघाली होती. बांधापलीकडं हळद शिजवायचा मोठा कुकर लावलेला, त्यातून वाफेचा ढग निघायचा आणि लिंबाखालून सावकाश जायचा. शिजलेली हळकुंडं खळ्यावर पसरलेली. दुपारी त्यांच्यावरून जो वास उठायचा त्यानं डोळे जड व्हायचे. घरातली चादर, भाकरी, माझे पांढरे केस, सगळं फिकट पिवळं झालं होतं. रानातल्या सागाची पानं झडली होती आणि उघड्या फांद्यांतून मधेच एखादा पळस पेटलेला दिसायचा. वारा पडला की पाचोळ्यावरून सरडा गेला तरी ऐकू यायचं. मी दुर्बीण घेऊन बाजेच्या पायथ्याशी बसायची आणि पुतणी पडल्या पडल्या विचारायची, "काकू, आता कोण वरडलं?"

मला ऐकणारं माणूस मिळालं होतं, आणि तेही हलू न शकणारं. मी सोडते काय. तिला मी दोघांच्या शिळा शिकवल्या, पंख शिकवले, पाय शिकवले. दुर्बीण पोटावर टेकवून ती अर्जुनाकडं बघत राहायची. कधी बघता बघता झोपायची आणि उठून सांगायची की सर्पगरुड वाफेतून चालत आला होता आणि बाजेच्या पायाशी बसला होता. मला तिचं स्वप्न आणि आमची दुपार यांतला सांधा सापडत नसे. माझेही डोळे मिटलेले असायचे. एकदा ती डोळे न उघडता म्हणाली, "हा उलटा वरडला. म्हंजी ती सुरवारवाली." बरोबर होतं. चाळीस पोरांच्या वर्गात मला जे समाधान क्वचित मिळालं ते मला त्या दुपारी मिळालं.

एके दिवशी तिनं विचारलं, "ह्यांची पिलं किती असतात?"

"दोघांचंही एकच अंडं. वर्षाला एक."

"आन् ते अंडं गेलं तर?"

मी बोलून बसले, "गेलं तर बहुतेक पुढच्या वर्षी पुन्हा."

तिनं दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाली, "रडत असंल का वो ती?" मला माहीत नव्हतं. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. माझ्या बडबडीचा मला फार राग आला. ती मात्र दुर्बीण लावून पुन्हा बघत होती.

आता कोंबड्याचं सांगते. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी अक्कांनी सटवाईला कोंबड्याचा नवस बोलला होता. पाचव्या रात्री येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते ती सटवाई. तिचं ठाणं आमच्या रानाच्या टोकाला, तांड्याच्या पलीकडं, बोरीखाली शेंदूर लावलेले गोटे. लेकरू पदरात पडलं की सव्वा महिन्यानं त्याला घेऊन तिच्या दारी यायचं आणि कोंबडा वाहायचा, असा तो नवस. आमच्याकडं एकदा नवसाचा म्हटला की त्या कोंबड्याचे दिवस पालटतात. त्याला हळद-कुंकू लावतात, पायात तांबडा दोरा बांधतात, आणि मग त्याला कुणी हाड म्हणत नाही. विकायचा नाही, कापायचा नाही, डालग्याखाली कोंडायचा नाही. अक्कांचा हा कोंबडा अजून कोवळाच होता, तुरा पुरता भरला नव्हता, पण मस्ती भरून वाहत होती. खळ्यावरच्या हळदीत पाय खुपसून हिंडायचा, माझ्या ताटातली भाकरी ओढायचा. मी हात उगारला की अक्का ओरडायच्या, "ए, सटवाईचा हाय तो!" मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

खरं तर अक्कांचं सगळं बळ त्या कोंबड्यात होतं. सकाळी उठल्या की आधी त्याला बघायच्या, मग लेकीला. कोंबडा धड आहे तोवर लेकरू धड आहे, असं त्या कधी बोलल्या नाहीत, पण दाणे टाकताना त्यांचं तोंड बघितलं की कळायचं. मी त्यावर हसत नव्हते. मीही रोज त्या पोरीचा श्वास मोजल्यासारखा ऐकत होते.

शिमग्याच्या आधीची एक सकाळ. पुतणी बाजेवर झोपली होती, अक्का खळ्यावर हळद हलवत होत्या, मी आत चहा टाकत होते. कोंबड्याचा एकच आवाज आला, अर्धा तुटलेला, आणि मागून सगळ्या कोंबड्यांचा कालवा. मी दुर्बिणीसकट बाहेर पळाले. नाल्यावरून एक पाखरू ओझं पेलत, खाली-वर होत, सागाच्या खोडांमधून आत शिरत होतं. मला मागूनच दिसलं. लांब पट्ट्यापट्ट्यांची शेपूट. पंखांखाली पांढरा पट्टा नाही. खळ्यावर पिवळ्या हळदीत पिसं पडली होती.

अक्का खराटा धरून उभ्या होत्या. पुतणी उठून बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग अक्का एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "गरुडानं नेला. म्या डोळ्यानं पाह्यलं. गरुडानं नेला गं माय, सटवाईनं आपल्या हातानं नेला!" आणि खराटा टाकून त्यांनी रानाकडं तोंड करून हात जोडले.

आमच्याकडं असा रिवाज आहे. नवसाचं जनावर मेलं, चोरीला गेलं, कोल्ह्यानं नेलं, तर तो अपशकुन, आणि नवस डोक्यावर तसाच. पण देवाच्या वाहनानं उचललं तर नवस पावला, देवानं वेळेआधीच मान्य करून घेतला. गरुड म्हणजे विष्णूचा, आता तो सटवाईच्या कामाला कसा आला हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. शिवाय त्याच वेळी आमचा सर्पगरुड अर्जुनाच्या फांदीवर निवांत बसलेला होता. रात्रीच्या दवानं भिजलेले पंख पसरून वाळवत होता. या सगळ्या प्रकरणात त्याचा काडीचाही संबंध नव्हता. अक्कांनी त्याच्याकडं बोट दाखवलं, "बघ, पोचवून आला बी!"

"अहो अक्का, तो तर..." मी सुरुवात केली.

अक्कांनी माझ्याकडं जे बघितलं, ते बघणं मी त्यांच्या घरात आल्यापासून एकदाच आधी बघितलं होतं, आमच्या सासूबाईंच्या तिरडीपाशी मी रांगोळी कुणी काढायची यावर वाद घातला तेव्हा. मी गप्प बसले. मला वाटलं, देवाधर्मात मी नाक खुपसलं म्हणून त्या रागावल्या.

बातमी गावात गेली. शिरड शहापूरच्या बाजारापर्यंत गेली. दोन दिवसांत आखाड्यावर बायांची रीघ लागली. जी बाई येईल ती आधी अर्जुनाच्या बुडाशी हळद-कुंकू वाहायची, मग पुतणीची ओटी भरायची. कुणी नारळ फोडला. वर बसलेल्या सर्पगरुडानं खाली वाकून एकदा बघितलं, शेंडी फुलवली आणि पुन्हा मान आत ओढून घेतली. बाया म्हणाल्या, "हुंकार देला." मी आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. चुकीचं नाव एक वेळ मी गिळलं असतं, पण इथं चुकीच्या पाखराची पूजा चालली होती, आणि खरी मोरघार तिकडं सागात सटवाईचा कोंबडा फाडून खात होती. अक्का मात्र हसून प्रत्येकीला सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात.

गर्दी ओसरल्यावरच्या दुपारी पुतणीनं मला जवळ बोलावलं. अक्का विहिरीवर होत्या.

"काकू, सर्पगरुड कोंबडा नेतो का?"

मी इकडंतिकडं बघितलं. "मोठं पाखरू आहे. भूक लागली तर..."

"तुमीच सांगितलं होतं, साप, सरडे, बेडक्या. आन् पाय उघडे." ती माझ्याकडं सरळ बघत होती. "मला खरं सांगा. मागच्या दोन्ही बारीला मला सगळे चांगलंच सांगून राहिले होते. डॉक्टर चांगलं म्हणे, सासू चांगलं म्हणे, माय चांगलं म्हणे. आन् मला आतून कळून राहिलं होतं की न्हाई, काहीतरी बराबर न्हाई. तवा माझ्याजवळ एकबी माणूस न्हवतं खरं बोलणारं. मी एकटीच होते, काकू."

मला रडू आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी दुर्बिणीची काच पदरानं पुसत राहिले. मग मी सांगितलं. मोरघारीनं नेला. शेपूट मी बघितली. तिचं घरटं वरच्या अंगाला, ऐनाच्या झाडात आहे, त्यात तिचं एकुलतं पिलू आहे, आणि तिनं तो त्याच्यासाठी नेला. देवीनं नेला नाही आणि देवीनं नाकारलाही नाही. एका आईला तो दिसला, एवढंच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही घाबरेल, आता हिला कळा येतील, आणि अक्का मला या घरात उभं करणार नाहीत. ती बाजेवर आडवी झाली. म्हणाली, "मग ठीक हाय. लेकराला खाऊ घालून राहिली ती." थोड्या वेळानं म्हणाली, "मायला सांगू नका. लई खूश हाय ती. ती नवस फिटला म्हणून झोपते तरी आता."

त्यानंतरच्या दुपारी आम्ही दोघी घरटंच बघत राहिलो. आखाड्याच्या मागच्या ओट्यावर बाज हलवली की ऐनाचं झाड दिसायचं. दुर्बिणीत काटक्यांचा मोठा पसारा आणि त्यात पांढरं, कापसासारखं एक डोकं. मोरघार यायची, पायात काहीतरी असायचं, ती त्याचे बारके बारके तुकडे करायची आणि वाकून त्या डोक्याला भरवायची. एवढी चपळ, मारकी बाई, आणि भरवताना इतकी सावकाश. वाफेचा ढग आमच्यामधून जायचा, तिकडं काही दिसायचं नाही, मग पुन्हा दिसायचं. पुतणीच्या पोटातलं लेकरू हललं की ती माझा हात ओढून तिथं ठेवायची आणि डोळे मिटूनच राहायची. आम्ही त्या दिवसांत फार थोडं बोललो. मला ते दिवस आठवतात तेव्हा त्यांत आवाज नसतो, फक्त पिवळा उजेड असतो.

चैत्रात एका पहाटे तिला कळा आल्या. हिंगोलीला नेलं. दिवस वर यायच्या आत मुलगी झाली. लहानखुरी, पण धड, आणि तिचं रडणं असं की दवाखान्याच्या दारात चहा पीत उभी असलेली माणसं हसली. अक्कांनी नातीला घेतलं आणि आधी तिच्या हातापायाची बोटं चाचपली. मला म्हणाल्या, "घे, मास्तरीण. हिचं तरी नाव बराबर सांग." मी घेतली. मला तिचं नाव-गाव काही सुचत नव्हतं.

सव्वा महिना झाल्यावर वैशाखात आम्ही तिघी तिला घेऊन सटवाईकडं निघालो. ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणून लवकर. खिचडा, नारळ, बांगड्या, हिरवा खण, पाळण्याचं चिमुकलं लाकडी खेळणं, सगळं माझ्या पिशवीत. कोंबडा नव्हता, कारण तो कधीच पोचला होता असं सगळ्या गावाला माहीत होतं. पुतणीनं लेकरू कुंचीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. सागाला नवी पालवी फुटत होती. वर कुठंतरी सर्पगरुड शीळ घालत होता आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं न बघता तो ओळखला.

तांड्याजवळ आल्यावर अक्का रस्ता सोडून आत वळल्या. एका दारापुढं थांबल्या आणि हाक मारली. तांड्यावरची एक म्हातारी, जी हळद वेचायला आमच्याकडं यायची, डालगं घेऊन बाहेर आली. डालग्यात कोंबडा होता. भरलेला, तुऱ्याचा, पायात तांबडा दोरा. म्हातारी म्हणाली, "घे बाई. शिमग्याच्या आधीपासून संबाळून राहिले, लई खातो."

म्हणजे पहिला गेला त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या, अक्कांनी हा नवा इथं आणून ठेवला होता. बायांची रीघ लागली होती, नारळ फुटत होते, अक्का हसून हसून सांगत होत्या, त्याच दिवसांत.

"अक्का," मी म्हणाले, "काहून हो हा? नवस तर फिटला होता ना? गरुडानं नेला ना?"

अक्का कोंबड्याचे पंख आवळून धरत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लेकीला म्हणले तसं. सटवाईला कसं म्हणू? तिनं काय पाह्यलं न्हाई व्हय?"

मला एकदम ते त्यांचं बघणं आठवलं, खराटा धरून उभ्या असलेल्या, मी तोंड उघडलं तेव्हाचं. देवाधर्माचा राग त्यात नव्हताच. ती एक आई मला हात जोडून सांगत होती की गप्प बस, आणि मला ते वाचता आलं नव्हतं. पाखराची शेपूट मला नाल्यापलीकडून ओळखू येते.

पुतणी उभी होती. लेकरू झोपलेलं होतं. ती हळूच म्हणाली, "माय, मला ठावं होतं. काकूनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

अक्का माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता काय बोलतील ते बोलोत. पण त्यांची नजर माझ्यावरून लेकीकडं गेली. "आन् तू बोलली न्हाईस? दोन महिने? एकटीच मनात घिऊन बसलीस?"

"तू झोपून राहिली होतीस ना रातचं," पुतणी म्हणाली. "मला वाटलं, निदान तुला तरी झोप लागू दे."

"मला कुठली झोप?" अक्का म्हणाल्या. "तू जागी हाईस का ते ऐकून राहिले होते मी. रोज."

दोघी एकाच खोलीत, एका भिंतीला लागून, डोळे मिटून पडलेल्या. आणि मी दाराशी, दोघी झोपल्यात म्हणून आवाज न करता उठणारी.

अक्कांनी कोंबडा माझ्या हातात दिला. दिला म्हणजे अक्षरशः कोंबलाच. आणि म्हातारीच्या दाराच्या दगडावर बसून त्या रडायला लागल्या. पहिलं गेलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. दुसरं गेलं तेव्हा दवाखान्यातून आणलेलं ते गाठोडं त्यांनी स्वतः नेऊन पुरलं होतं आणि घरी येऊन सगळ्यांसाठी भाकरी थापल्या होत्या. आता त्या मोठ्यानं, तांड्यावरच्या बाया दारात येतील असं रडत होत्या. पुतणी त्यांच्याजवळ बसली आणि तिनं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं. आजीच्या रडण्यानं लेकरू जागं झालं आणि तेही रडायला लागलं. त्या तिघी तिथं बसल्या होत्या आणि मी फडफडणारा कोंबडा धरून त्यांच्यापुढं उभी राहिले.